गिळताना पाहिलं नाही

१४ सप्टेंबर, रविवार. पिंपळगाव रेणुकाई

वॉर्डातली तीन वर्षं संपली. आजपासून माझी मेट्रन मीच. संभाजीनगरचं हॉस्पिटल सोडलं तेव्हा बरोबरच्या पोरींनी मला वेड्यात काढलं. घरोघरी जाऊन पेशंट सांभाळायचे म्हणजे सिस्टरची आया होणं, असं त्यांचं मत. पप्पा म्हणाले, सरकारी भरती निघेपर्यंत थांब. मम्मीने माझ्या पांढऱ्या ड्रेसला नीळ घातली. पण मला आपल्या भोकरदन तालुक्यातच काम उभं करायचंय. इथले लोक जालन्याला ऑपरेशन करून येतात आणि पुढे घरात पेशंटकडे बघायला शिकलेलं कुणी नसतं. हा पहिला पेशंट नीट पार पडला तर दुसरा मिळेल. नाही पडला तर तालुकाभर आधी तेच पोहोचेल.

पेशंटचं नाव साळूबाई, वय एकाहत्तर. पाच महिन्यांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे, वॉकर धरून चालते. नवरा, म्हणजे कारभारी आबा, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आत गेले. तेव्हापासून जिवाची धडधड आणि झोप नाही, म्हणून भोकरदनच्या डॉक्टर राधेश्याम सरांची एक गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. तिला घरात सगळे झोपेची गोळीच म्हणतात. त्यात आता ऑपरेशनच्या दुखण्याची गोळी. दोन्ही गुंगी आणणाऱ्या, दोन्ही मिळून श्वास मंद करणाऱ्या. तिसरी रक्तदाबाची, ती बिचारी गरीब आहे.

मला ठेवलं ते मुलाने, भारतदादांनी. ते जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत आहेत, शनिवारी घरी येतात. घर आणि मिरचीचं शेत सून बघते, दैवशालाताई. त्यांनी गाव विचारलं. धावडा म्हटल्यावर, धावड्याचे कोणते, असं विचारलं. मी आडनाव सांगितलं. बरं बरं, म्हणाल्या आणि चहा ठेवला. माझा कप त्यांनी खिडकीत वेगळा ठेवलाय. चांगलंच आहे. पेशंटच्या घरात सिस्टरचं भांडं वेगळं असावं, जंतूंच्या दृष्टीने.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तक्ता तयार केला. पट्टीने रेघा मारल्या, दैवशालाताई बघत राहिल्या. गोळी देण्याआधी श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट, आजीला कळू न देता. बाराच्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. मग नाडी, रक्तदाब. जाग कशी आहे त्याला आकडे: शून्य म्हणजे टक्क जागी, एक म्हणजे हाकेला उठते, दोन म्हणजे हलवल्यावर उठते, तीन म्हणजे उठत नाही. तीन लिहायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. शेवटच्या रकान्यात गोळी दिल्याची खूण आणि माझी सही.

आजी हुशार आहे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "माझ्या छातीकडं बघून काय मोजून राह्यली गं पोरी?" मी म्हटलं, काही नाही, पातळाचा रंग बघत होते. हसली. मनगट धरून श्वास मोजला की नाडी बघतोय असं वाटतं, ही वॉर्डातली युक्ती इथे चालायला एक दिवस उशीर झाला.

श्वास सोळा. जाग एक. रात्रभर शांत.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या घट बसणार. देवीच्या नावाच्या गावात राहून नवरात्र नको म्हणणार कोण? आजीने दहा दिवसांचा उपवास धरलाय. यंदा तिथी वाढल्यामुळे एक दिवस जास्त आहे म्हणे. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. दूध, केळी, राजगिरा चालेल, पाणी भरपूर आणि गोळ्या एकही चुकवायची नाही, अचानक बंद झाल्या तर फिटसुद्धा येऊ शकते, असं ते म्हणाले. मी आजीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, बराबर आहे.

दुपारी दैवशालाताई शेंगा निवडत बसल्या होत्या तेव्हा या घरातल्या दिव्याबद्दल कळलं. घटापुढचा दिवा दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही आणि तो सांभाळायचं काम पन्नास वर्षं आजीचं. दोन वर्षांपूर्वी सातव्या माळेला तिचा डोळा लागला आणि दिवा विझला. आबा त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले. मागच्या साली वरीस पाळलं म्हणून घट बसला नाही. "आत्याबाई तवापासून बोलत न्हाईत, पण त्यांच्या मनातून ते गेलं न्हाई," असं त्या म्हणाल्या.

ऐकून वाईट वाटलं. तक्त्याच्या मागे 'चिंता: पतीच्या मृत्यूशी संबंधित' अशी नोंद केली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसला. सकाळी गोळ्या घेऊन गेले तर आजी म्हणाली, नवरात्रात मी गोळी देवीपुढे घेणार, तिचा हात लागू दे. झोपेची आणि दुखण्याची, दोन्ही मुठीत धरून वॉकर सरकवत देवघरात गेली. मी पाण्याचा तांब्या तिच्या आधी आत पोहोचवायला दैवशालाताईंना सांगितलं आणि उंबऱ्याबाहेर थांबले. तिची पाठ दिसत होती. बराच वेळ हात जोडून बसली, मग पाणी पिण्याचा आवाज आला.

देवघर म्हणजे माजघराला लागून एक लहानशी खोली. मी आत जात नाही. कुणी काही म्हटलेलं नाही, म्हणायची वेळही येऊ दिलेली नाही. आपणच आपलं ठेवलं की सगळ्यांना सोपं जातं. खूण केली, सही केली.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन रात्री आजी नीट झोपलेली नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपते, तिथे पहाटे वॉकरचा आवाज येतो. विचारलं तर म्हणते, वय झालं, झोप कमी झाली. आठवडाभरात वय इतकं वाढत नाही.

म्हातारीचे नखरे मोठे मजेचे आहेत. रक्तदाबाची गोळी खाटेवरच घेते, माझ्यासमोर, पाण्याच्या एका घोटाबरोबर. झोपेची आणि दुखण्याची मात्र देवीपुढे. मी म्हटलं, आजी, रक्तदाबाच्या गोळीने काय पाप केलंय? ती म्हणाली, त्या गोळीला देवीची गरज न्हाई. मी हसले, आणि दैवशालाताईंनाही सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मला भीती वाटतेय, हे इथे तरी लिहायला हरकत नाही.

सकाळपासून आजीचे हात थरथरतात. दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. कपाळाला घाम, नाडी एकशेआठ. भांडं पडलं तरी दचकते. अंगावर मुंग्या चालतात म्हणून सारखी पदर झटकते. श्वास बावीस. जाग शून्य, शून्याच्याही खाली काही असेल तर ते. फरशी पुसलेली असताना एकटीच उठली, मी धावत जाऊन धरलं नसतं तर दुसरी मांडीही गेली असती. आता तिने उठायचं तर मला हाक मारायची, असं बजावलंय.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, गोळ्या नियमित आहेत ना? मी म्हटलं, "सगळ्या, सर. मी स्वतः देते. तक्ता आहे." ते म्हणाले, मग धडधड वाढलीय, झोपेची दोन्ही वेळा दुप्पट करा, दोन दिवसांनी सांगा.

संध्याकाळी दोन गोळ्या दिल्या. देवीपुढे घेतल्या. खूण, सही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. ओढ्याला पाणी आल्यामुळे भारतदादा अंधार पडता पडता पोहोचले. आईचा हात हातात घेतला आणि तो थरथरताना बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी न विचारता तक्ता दाखवला, त्यांनी बोट फिरवत सगळ्या खुणा बघितल्या. "तुमचं काम बराबर दिसून राह्यलं, मंग गुण कामून येईना?" असं म्हणाले.

दुप्पट डोसावर माणूस असं टक्क जागं राहत नाही. वॉर्डात एक आजोबा होते, ते गोळी गालात धरायचे आणि नंतर खिडकीतून टाकायचे. म्हणून आमच्या इनचार्ज सिस्टरचा नियम होता, गोळी घशाखाली उतरताना बघायची, तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची, मगच सही. आजीच्या बाबतीत मी हे केलेलं नाही. पण देवीपुढे बसलेल्या बाईला दारातून काय ओरडणार, की जीभ दाखवा? आणि ही बाई देवीसमोर खोटं वागेल असं मला वाटत नाही. गोळ्यांचीच पट्टी खराब असेल. उद्या नवी उघडते.

२९ सप्टेंबर, सोमवार

नव्या पट्टीनेही फरक नाही. पुन्हा फोन. डॉक्टर म्हणाले, पेशंटला घेऊन या. भारतदादा परत गेलेले, ओढा भरलेला, आजी घट सोडून हलायला तयार नाही. शेवटी त्यांनी आणखी एक गोळी मोबाइलवर लिहून पाठवली, शांत राहण्याची, दुपारची; ती गावातच मिळाली. मला म्हणाले, आता तीन गुंगीच्या गोळ्या आहेत, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मी हो म्हटलं.

राजानंदचा, माझ्या भावाचा फोन आला. दसऱ्याला घरी येतेस ना, विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आहे, मम्मी खीर करणार आहे. मी दसऱ्याच्या दुपारपासून एक दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवलीय. आता मागितली त्याची लाज वाटते. आणि जावंसंही फार वाटतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

देव, धम्म, डॉक्टर, ज्याला श्रेय द्यायचं त्याला देऊन टाकते. आजी सुधारली. हाताची थरथर जवळजवळ गेली, नाडी शहाऐंशी, घाम नाही. मुंग्या नाहीत. डोळे जागरणाने लाल आहेत, पण चेहरा शांत. नवी गोळीही ती देवीपुढेच घेते, पण लागू पडली. मी इतके दिवस उगीच स्वतःला कुरतडत होते.

दुपारी तिने मला हाताने खुणावून जवळ बसवलं. म्हणाली, "उद्या घट उठला की तू म्हणशील तसं वागते बघ. तुझं लई ऐकायचं राह्यलं." मी म्हटलं, आजी, तुम्ही सगळं ऐकताच की. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघितलं. म्हातारी माणसं बरं वाटायला लागलं की हळवी होतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारचे साडेबारा

घाईत लिहितेय, राजानंद गाडी घेऊन निघालाय. भारतदादा काल आले. सकाळी त्यांनीच घट उठवला. दिवा शेवटपर्यंत राहिला म्हणून घरात सगळे हलके झालेत. साडेअकराला आजीने पुरणपोळीने उपवास सोडला. लगेच मी गोळ्या दिल्या: झोपेच्या दोन, दुखण्याची एक, आणि दुपारची नवी आताच दिली तर चालेल का म्हणून विचार केला, मला निघायचं होतं, तीही दिली. आज देवघराचं नाव नाही. खाटेवर बसून माझ्या देखत चारही घेतल्या, आणि रिकामा तळहात मला दाखवला. श्वास अठरा. दहा दिवसांत पहिल्यांदा सगळं पुस्तकात असतं तसं झालं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. भोकरदन

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी ते स्वतःला सोयीचं करून ठेवेन.

सव्वा वाजता राजानंद आला. मी बॅग उचलली. आजी झोपली होती, घोरत होती, दारापर्यंत ऐकू येत होतं. दैवशालाताई हळूच म्हणाल्या, "झोपू द्या त्यांना. दहा रात्री त्या दिव्यापाशी बसून काढल्या त्यांनी. पापणी लवली न्हाई."

मी पायात चप्पल घातली होती. राजानंदने गाडी सुरू केली होती. दहा रात्री बसून काढल्या, हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं आणि तिथे अडकलं. झोपेच्या दोन-दोन गोळ्या घेऊन कुणी दहा रात्री बसून काढत नाही. मी परत आत गेले.

घोरणं थांबून थांबून येत होतं. मनगट धरलं आणि छातीकडे बघितलं. मिनिटाला आठ. पुन्हा मोजले, घड्याळ चुकलं असेल म्हणून. आठ. हाक मारली, हलवलं, खांद्याला चिमटा घेतला तेव्हा नुसती कण्हली. ओठांचा रंग उतरलेला. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, त्र्याऐंशी. मी तिला कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली. दैवशालाताई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, तोंडात थेंब घालायला. मी त्यांचा हात धरला, तोंडात काही घालायचं नाही म्हटलं. अठरा-एकोणीस दिवसांत त्यांना मी पहिल्यांदाच हात लावला असेन.

डॉक्टरांना फोन लावला. भारतदादा गाडी काढायला धावले. डॉक्टरांनी विचारलं, डोस काय दिला? सांगितला. ते म्हणाले, "तिन्ही प्रकारच्या गोळ्या एकदम द्यायच्या नव्हत्या. पण आठवडाभर ती हाच डोस घेऊन टक्क जागी होती. एवढ्याने अशी पडणार नाही. हा मेंदूचा झटका दिसतो. माझ्याकडे वेळ घालवू नका, सरळ जालन्याला स्कॅनला न्या." जालना म्हणजे दीड-दोन तास, रस्ता असा, आणि गाडीत ऑक्सिजन नाही.

तेवढ्यात दैवशालाताई देवघरातून पत्रावळ घेऊन आल्या. भारतदादांच्या टोपीत खोवायला घटाचे कोंब उपटताना त्यांना मातीत काहीतरी सापडलं होतं, ते मला विचारायचं राहून गेलं होतं. माती ओली, पिवळे कोंब वीतभर वाढलेले, आणि मुळांच्या जाळ्यात पांढऱ्या, गुलाबी गोळ्या. काही पिठासारख्या फुगलेल्या, काही अजून अखंड. मी त्या ओळखल्या. सगळ्या माझ्या हातच्या.

फोन चालूच होता. आता मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. झटका म्हणून गेली असती. तक्ता माझ्या बाजूने होता, वीस वेळांच्या वीस खुणा, वीस सह्या. हा विचार माझ्या मनात आला. किती वेळ टिकला ते माहीत नाही, बहुतेक एक श्वास घेण्याइतका. आला हे खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

मी म्हटलं, "सर, दहा दिवस गुंगीची एकही गोळी पोटात गेलेली नाही. आज पहिल्यांदा गेल्या, चारही. मी आधी गिळताना पाहिलं नव्हतं."

ते म्हणाले, "भोकरदनलाच आणा. हनुवटी धरून बसा, तिला झोपू देऊ नका, बोलत राहा."

मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. भारतदादा गाडी चालवत होते, राजानंद मोटरसायकल घेऊन पुढे, रस्त्यावरची माणसं बाजूला करत. मी मोजत होते. आठ. सात. आजी श्वास घ्या, म्हणत होते. एकदा मधलं अंतर इतकं लांबलं की मी तिच्या तोंडावर तोंड ठेवून दोनदा हवा भरली. मग ती स्वतःच घ्यायला लागली. मी बोलत होते, काय बोलले ते आठवत नाही.

दारातच ऑक्सिजन लावला, दुखण्याच्या गोळीचा उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. चार वाजता श्वास बारा. सहा वाजता तिने डोळे उघडले आणि दिवा कुठं आहे म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी तक्ता मागितला. मी देण्याआधी पेन घेतलं आणि २२ तारखेपासून १ तारखेपर्यंतच्या प्रत्येक खुणेपुढे लिहिलं, गिळताना पाहिलं नाही. वीस वेळा लिहिलं. दुपारच्या नव्या गोळीच्या रांगेतही लिहिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. हे त्या शुक्रवारी सांगितलं असतं तर मी डोस वाढवलाच नसता, म्हणाले. ती थरथर, तो घाम, मुंग्या, सगळं गोळी एकदम सुटल्याचं होतं. मी शिकलेली आहे, मला ते दिसायला हवं होतं. फिट आली नाही हे तिचं नशीब.

मम्मीचा फोन तीनदा येऊन गेला. उचलला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

भारतदादा आज बोलले. मोठ्याने नाही. मंग तुमाला ठिवलं कशाला व्हतं, असं म्हणाले. आई देवघरात गोळी घेती तर तुमी आत जाऊन बघायचं न्हाई का? आत कामून न्हाई गेल्या?

मी दैवशालाताईंकडे पाहिलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. "आमी कुठं अडवलं व्हतं त्यांना?" म्हणाल्या.

खरं आहे. त्यांनी अडवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणालाच आवडलं नाही, मला तर मुळीच नाही. भारतदादा म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा, मंग बघू. म्हणजे काय ते कळतं.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच होतो. आजी उशीला टेकून बसली होती, जाग शून्य, श्वास सतरा. मी तिला भाताची पेज भरवत होते. दोन घास खाल्ले आणि तिने चमचा बाजूला केला.

"झोप आली असती तर दिवा गेला असता," म्हणाली. "मागच्या बारीला माझा डोळा लागला अन् माझा मालक गेला. आता भारत हाये एकटा. मी कुणाच्या जिवावर झोपू?"

मी म्हटलं, मला सांगायचं होतं. मी डॉक्टरांशी बोलले असते, हळूहळू कमी केल्या असत्या, रात्री मी बसले असते दिव्यापाशी.

बोलून गेले, मग मलाच कळलं मी काय बोलले ते. आजी माझ्याकडे बघत राहिली. तिलाही कळलं.

मग तिने सांगितलं. आवाज अगदी साधा, दळण कुठे ठेवलंय ते सांगावं तसा. "तुज्या हातून घेतल्यावर खाटेवर कुठं लपवू? तुझी नजर लई बारीक. म्हून देवघरात नेत व्हते. मला ठाऊक व्हतं पोरी, तू तिथं येणार न्हाईस."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. मला राग आला. तिच्या थापेचा नाही. पन्नास वर्षांच्या त्या खोलीत लपवायला तिला कोनाडा लागला नाही, पेटी लागली नाही, माझं बाहेर थांबणंच पुरलं. आणि ते मीच तिच्या हातात दिलं होतं, कुणी मागितलेलं नसताना, चांगुलपणा म्हणून. दहा दिवस मी त्या उंबऱ्याशी सभ्यपणे उभी राहिले आणि ती आत मरायच्या वाटेला लागली होती.

आजी रडत होती. मी तिचं तोंड पुसलं, उरलेली पेज भरवली. संध्याकाळी भारतदादा आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं, लबाडी माझी हाये, हिला काढायचं न्हाई म्हणाली. जाताना त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, कागदाच्या कपात. त्यांच्या हातातही तसाच होता.

८ ऑक्टोबर, बुधवार. पिंपळगाव रेणुकाई

काल घरी आलो. नवी गोळी बंद. दुखण्याची बदलून साधी दिली. झोपेची पाव, फक्त संध्याकाळी, महिनाभरात तीही सोडवायची. तक्ता नव्याने आखला. रकाना एक वाढवला.

आज सात वाजता श्वास मोजले. सोळा. वाटीत पाव गोळी घेऊन गेले. आजीने हात पुढे केला, गोळी घेतली, वॉकर धरला आणि देवघराकडे निघाली. तिला सवय झाली असेल, किंवा मला बघायचं असेल तिला. मी मागोमाग गेले.

उंबऱ्याशी पाय थांबले. माझेच. माजघरापलीकडे दैवशालाताई भाकरी थापत होत्या, तो आवाज बंद झाला. आजी आत जाऊन पाटावर बसली आणि मागे वळून पाहिलं नाही.

मी आत गेले. खोली इतकी लहान आहे की मला तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. भिंतीला तेलाचा काळा डाग आहे, दिव्याच्या जागी. देवीचा मुखवटा मला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान आहे.

तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

तिने उघडलं.

"जीभ वर करा."

केली. गोळी नव्हती. गालही बघितले, दोन्ही. तिने ते बघू दिले, मुलगी वेणी घालून घेते तशी शांत बसून. मी तक्ता तिथेच मांडीवर घेऊन भरला, नव्या रकान्यात सही केली, आणि उठले नाही. बऱ्याच वेळाने भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.